दर पंधरा मिनिटांनी टाळी

आमच्या घराचं काम सुरू व्हायच्या महिनाभर आधीची गोष्ट. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा देशात कोणीतरी घर बांधत होतं. रिकामी जमीन होती, तिच्यात खड्डा पडला, खड्ड्यातून खांब निघाले, भिंती चढल्या, वर छप्पर बसलं, खिडक्यांना पडदे लागले आणि दारात एक कुत्रा येऊन बसला. सगळं मिळून दोन मिनिटं. माझा डबा उघडा तो उघडाच राहिला. आमच्या घराचा नुसता नकाशा नक्की व्हायला दीड वर्ष लागलं होतं, आणि त्यात कोणत्याही कार्यालयाचा दोष नव्हता. माझं आणि बायकोचं स्वयंपाकघराच्या खिडकीवर एकमत होत नव्हतं. मला ती मागच्या बाजूला, ओट्याच्या वर पाहिजे होती. तिला रस्त्याकडे पाहिजे होती, म्हणजे भाजी परतता परतता कोण आलं, कोण गेलं ते दिसतं. शेवटी नकाशावर माझी खिडकी आली. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा सावध राहायचं असतं, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी तिला माझा बेत सांगितला. आपला जुना फोन, काच तडकलेला, कपाटात पडूनच आहे. तो प्लॉटसमोर उंच जागी बसवायचा. त्यात एक ॲप टाकायचं. ते सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी आपोआप एक फोटो काढेल. काम संपलं की सगळे फोटो एकापुढे एक जोडायचे आणि भरभर फिरवायचे, की घर डोळ्यांदेखत उगवून येतं. याला टाइमलॅप्स म्हणतात.

बायको आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घ्यायची तिला सवय आहे, त्यामुळे तिनं माझंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी घर उभं तर होऊ द्या. मंग त्याले पळवा."

आमचा प्लॉट सेलूच्या बाहेरच्या अंगाला, नव्या लेआउटमध्ये आहे. तेव्हा तिथे घरं तुरळक होती. आमच्या समोर, मधला रस्ता सोडून, एकच पक्कं घर होतं आणि त्याला वर जायला जिना होता. आमच्याकडे गच्चीला स्लॅबच म्हणतात. त्या स्लॅबच्या कठड्यावर फोन बसला तर आमचा अख्खा प्लॉट त्यात मावत होता. घर होतं अंगणवाडीच्या बाईंचं.

बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उभा जन्म त्यांनी अंगणवाडीत काढला. लेआउटमधल्या कितीतरी कर्त्या माणसांना त्यांनी लहानपणी वजनकाट्याला टांगलेलं होतं आणि ही गोष्ट त्या त्यांच्या बायकांसमोर सांगत. मुलगा नागपूरला नोकरीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात त्या एकट्याच. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या कामात मोबाइल आला होता. मुलांचं वजन केलं की फोटो, खिचडी वाढली की फोटो, गरोदर बाईला गोळ्या दिल्या की फोटो. फोटो वर गेला नाही की वरून फोन. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो सरकारी मोबाइल जमा केला आणि सुटले बाप्पा असं म्हणाल्या. पण सकाळी दहा वाजले की त्यांचा हात कमरेच्या बटव्याकडे जायचा, हे आमच्या बायकोनं पाहिलेलं होतं.

मी फोन घेऊन गेलो तेव्हा त्या स्लॅबवर मुंगवड्या घालत होत्या. मी सगळं समजावलं. त्यांनी हात धुतले, फोन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे फोटो कोणाले पाठवा लागते?"

"कोणालेच नाई, बाई. आपल्याच घरी पाह्याचे."

हे त्यांना पटलं नाही. कोणाला पाठवायचेच नाहीत असे फोटो माणूस दिवसाला चाळीस कशाला काढेल, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. पण त्यांनी तो विचारला नाही. फक्त वेळा नीट विचारून घेतल्या. आठ, सव्वा आठ, साडेआठ, पावणेनऊ. खाली जाऊन त्यांनी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढल्या. केवढी ही काळजी, असं मनात म्हणत मी खूश होऊन घरी आलो. फोटो आपोआप निघणार असताना बाईंना वेळा कशाला पाहिजेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही बुद्धवंदना घेऊन कुदळ मारली. बाईंनी आपल्या रीतीनं एक नारळ आणला होता. तो बायकोनं मानानं घेतला आणि संध्याकाळी त्याची चटणी केली. मिस्त्री जवळच्याच खेड्यातला होता. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याचा जीव ओळंब्यावर होता. ती पितळेची लोंबती गोळी तो भिंतीला लावायचा तेव्हा श्वास रोखून धरायचा आणि आजूबाजूच्यांनाही रोखायला लावायचा. त्याच्या हाताखाली चार गडी आणि दोन रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया.

मी आणि बायको सकाळी कामावर जाताना पाच मिनिटं साइटवर थांबायचो आणि संध्याकाळी अंधार पडता पडता परत एकदा डोकावायचो. रविवारी फरशी, दारं, नळ पाहायला वर्ध्याला. त्यामुळे चालू काम आम्हाला फारसं दिसायचंच नाही. एकदा मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून दुपारी गेलो, तर लांबून दिसलं की सगळे खड्ड्याबाहेर एका ठिकाणी उभे आहेत. मी पोचेपर्यंत ते पांगले. मला वाटलं, खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खायला थांबले असतील. आमच्याकडे कुठलंही काम खर्ऱ्यासाठी थांबतं, त्यात विशेष काही नाही.

विशेष होतं ते बायकोच्या लक्षात आलं. एका सकाळी ती म्हणाली, "मिस्त्रीनं केस काळे केले."

मी म्हटलं, केले असतील. दोन दिवसांनी ती म्हणाली की त्या दोघींपैकी धाकट्या रेजेनं आज माल कालवायला जरीकाठाची साडी नेसली आहे. मी म्हटलं, जुनी असेल. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ताप किती आहे ते ती नुसतं बघून ठरवत होती.

ऑफिसात मात्र मी टाइमलॅप्सच्या गोष्टी रोज सांगत होतो. घर बांधणारे खूप असतात, ते टिपून ठेवणारा मी एकटा, असा माझा सूर असायचा. महिना होत आला तेव्हा सोबतचे म्हणाले, एवढं सांगतो तर थोडं दाखव ना. म्हणून मी एका संध्याकाळी बाईंकडून फोन घरी आणला. भाड्याच्या घरातल्या पलंगावर आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो आणि मी बटण दाबलं.

पहिल्या फोटोत रिकामा प्लॉट होता. दुसऱ्या फोटोत प्लॉटच्या पुढ्यात सात माणसं एका ओळीत उभी होती. हात बाजूला, मान वर, तोंडं सरळ आमच्याकडे. मधोमध मिस्त्री, हातात ओळंबा. दोन टोकांना दोन रेजा, घमेली छातीशी धरून, शाळेच्या बक्षीस समारंभात ढाल धरतात तशी. तिसऱ्या फोटोतही तीच सात माणसं होती. चौथ्यातही. मी घाईघाईनं पुढे सरकवत गेलो. पूर्ण महिना ती सात माणसं तशीच उभी होती. भरभर फिरवलं की ती वाऱ्यातल्या तुरीसारखी जागच्या जागी थोडी थरथरायची, आणि त्यांच्या मागे खड्डा आपोआप खोल होत जायचा, लोखंड आपोआप उभं राहायचं, कॉलम आपोआप भरले जायचे. काम करताना कोणी दिसत नव्हतं. आमचं घर बहुधा मंत्रानं वर येत होतं. मध्ये तीन दिवस तर गिट्टीचा ट्रक वाटेत जाम गावाजवळ बिघडून पडला होता आणि काम पूर्ण बंद होतं. त्या तिन्ही दिवशी ओळ मात्र चोख होती.

बायको आधी तोंडावर पदर धरून हसली. मग पदर सोडून हसली. मग पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. मला हसू आलं नाही. उद्या ऑफिसात काय दाखवायचं, हा माझ्यापुढे प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि कसे आले फोटो, असं हौसेनं विचारलं. मग आपली पद्धत सांगितली. फोटोची वेळ यायच्या दोन मिनिटं आधी त्या कठड्याशी येतात आणि टाळी वाजवतात. टाळी झाली की सगळे हातातलं काम ठेवून रांगेत येतात. सुरुवातीला कोणी हलायचा, कोणी टोपी काढायचा नाही. आता सगळ्यांना वळण लागलं आहे. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एक फोटो चुकला नाही. हे सगळं त्यांनी जिना चढून दम लागलेल्या आवाजात सांगितलं, आणि तेव्हा मला कळलं की महिनाभर त्या दिवसातून चाळीस वेळा त्या कठड्याशी येत होत्या.

एवढं कळूनही मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो तेच बोललो. म्हणालो, बाई, यात कोणी उभं राहायची गरज नाही. काम जसं चाललं आहे तसंच यायला पाहिजे. त्यातच मजा आहे.

"काम करताना माणूस पाठमोरा येते, भाऊ," त्या म्हणाल्या. "कोण आहे ते कसं समजन?"

मी म्हणालो, कोण आहे ते समजायची गरज नाही. आणि तुम्ही काही करू नका, फोन आपोआप काढतो.

त्यांनी बरं म्हटलं. एवढंच. त्या आवाजात बरं म्हणताना मी त्यांना त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, पण वरून फोन आला की त्या अंगणवाडीत तसंच बरं म्हणत असणार. मी मिस्त्रीलाही तेच सांगितलं. त्यानं ठीक आहे साहेब म्हणून घमेलं उचललं.

त्यानंतर मी शहाण्यासारखा दर आठवड्याला फोटो पाहायचं ठरवलं, पण जानेवारीत ऑफिसात कामाचा ढीग होता आणि मला फुरसत झाली ती अकरा दिवसांनी. मोठ्या आशेनं फोन उघडला. पहिल्या दिवशीचे फोटो अगदी मला पाहिजे होते तसे होते. माणसं वाकलेली, विटा सरकलेल्या, माल कालवलेला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी एका फोटोत कठडा वाकडा झाला, आणि त्याच्या पुढच्या फोटोपासून आभाळ सुरू झालं.

दहा दिवसांचं आभाळ. सकाळचं फिकट, दुपारचं पांढरं, संध्याकाळचं तांबूस, आणि परत सकाळचं. मध्ये एका फोटोत वानराचं नाक, इतक्या जवळून की नाकपुडीतले केस मोजता आले असते. फोन कसा पडला ते त्यावरून कळलं. चार्जिंगची वायर जागेवर होती म्हणून फोन उताणा पडूनही दर पंधरा मिनिटांनी आपलं काम करत होता. आणि या दहा दिवसांत आमच्या घराच्या भिंती खिडकीच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत चढल्या होत्या.

मी बाईंकडे धावलो. फोन पडल्याचं तुम्हाला दिसलं नाही का, असं विचारलं.

"दिसलं ना," त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "तुमीच म्हटलं होतं, काई करू नका, आपोआप काढते. मले वाटलं, आता आभायाचे काढून राह्यला असन."

तिथून मी साइटवर गेलो आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे होती. मागच्या भिंतीत, जिथे नकाशाप्रमाणे खिडकी असायला पाहिजे होती, तिथे सरळ विटा चढलेल्या होत्या. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, घरून तसा निरोप आला होता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मिस्त्रीनं काहीतरी विचार करूनच केलं असेल, त्याला अनुभव आहे. निरोप कोणी आणला, कधी आणला, ते अजूनपर्यंत उघड झालेलं नाही. सहा महिन्यांतला एकेक पाव तास टिपून ठेवणारा कॅमेरा मी लावला होता, आणि नेमक्या त्या दिवसांचं त्यात आभाळ होतं.

त्या संध्याकाळी मी साइटवर विटांच्या थप्पीवर बसून राहिलो. बाकीचे गेले होते. मिस्त्री थापी धूत होता. ती कोरडी करून पिशवीत ठेवल्यावर तो माझ्याजवळ आला आणि न बसताच बोलला. तो एवढं सलग बोललेला मी पहिल्यांदा ऐकलं.

"साहेब, एक म्हनू का? तुमाले राग आला, ते बराबर आहे. पन मी किती घरं बांधली त्याचा मलेच हिसाब नाई. घर झालं का त्या दिवशी फोटो निंगते. मालकाचे, पाव्हण्यायचे, लेकरायचे. आमी तवा दुसऱ्या गावाले काम करून राह्यतो. आजवर कोणं आमाले म्हटलं नाई का सरळ उभे राहा, तोंड इकडं करा. ह्या बाईनं म्हटलं. म्हनून सारे उभे राह्यले."

मग पिशवी खांद्याला लावत तो म्हणाला, "अन् पंधरा मिनिटाले दोन मिनिटं जाते. खर्राले त्याच्याहून जास्त लागते."

मी घरी जाऊन हे बायकोला सांगितलं. ती या वेळी हसली नाही. तिनं फोन मागितला, त्या पहिल्या महिन्यातला एक फोटो बोटांनी मोठा केला आणि मला दाखवला. जरीकाठाच्या साडीतली रेजा. कानात नवे डूल होते. मी तो फोटो शंभरदा पाहिला असेन, पण खड्डा किती झाला तेवढंच पाहत होतो.

बाईंची समजूत काढायला मी एकटाच गेलो. जाताना काय न्यावं ते सुचेना, म्हणून फोनच घेऊन गेलो. माझं चुकलं, असं सरळ म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि मग अटी सांगितल्या. फोन त्यांच्या ताब्यात राहील. मी मधून मधून तपासणीला यायचं नाही. रोज बारा वाजता, जेवणाच्या आधी, एक फोटो रांगेत उभं राहून. बाकीच्या वेळी ज्याला जसं वाकायचं असेल तसं वाकावं, त्या टाळी वाजवणार नाहीत. शेवटची अट त्यांनी चहा ओतता ओतता सांगितली: चाळीसदा जिना चढून त्यांचा गुडघा दुखत होता, त्याला बायकोनं घरी येऊन काहीतरी औषध द्यावं. मी सगळ्या मान्य केल्या. चहा फार गोड होता, तोही प्यायलो.

पुढे ऊन तापायला लागलं तसा फोन दुपारी बंद पडू लागला. वर्ध्याकडच्या उन्हात माणूस बंद पडतो, फोनचं काय घेऊन बसलात. बाईंनी मला न विचारता तेलाचा रिकामा पिपा कापून आणला, त्याला समोरून खिडकी पाडली, बाहेरून चुना लावला आणि वरून ओलं तरट टाकलं. आत वीट ठेवून विटेवर फोन. वानराला हात घालता येऊ नये म्हणून पिप्याच्या तोंडाला जाळी. मिस्त्री मुद्दाम तो पाहायला वर गेला आणि ओळंबा लावून आला. म्हणाला, सरळ आहे. आमच्या घराआधी फोनचं घर पुरं झालं.

आमच्या घराचा स्लॅब टाकायचा तो दिवस मला सगळ्यात नीट आठवतो. सकाळीच मिक्सर मशीन आलं, नेहमीच्या सात जणांशिवाय वीस-बावीस माणसं बाहेरून आली. खालून वरपर्यंत माणसांची साखळी लागली आणि घमेली हातोहात चढू लागली. एका बाजूला बायकोनं बोलावलेली माणसं वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी रांधत होती. साडेअकरा झाले तसा मिस्त्री खालून ओरडला की आज बाईंनी फोटोत यावं, वर राहू नये.

बाई म्हणाल्या की मग टाळी कोण वाजवणार.

मी वाजवतो, असं मी म्हणालो आणि वर गेलो. त्यांनी मला फोनजवळ कुठे उभं राहायचं, तरट केव्हा ओलं करायचं, टाळी कितव्या मिनिटाला वाजवायची ते दोनदा सांगितलं. मग साडी बदलायला गेल्या आणि बदलून, फोन सरळ आहे ना ते पाहायला परत वर आल्या. बाराला दोन मिनिटं कमी असताना मी टाळी वाजवली. मिक्सर थांबलं, सगळे रांगेत आले, पुढे बसले, मागे उभे राहिले, स्वयंपाकी डाव हातात घेऊन आले, बायको आली. बाई मात्र जिन्यात होत्या. गुडघ्यामुळे एकेक पायरी धरून उतरत होत्या. मी ओरडून सांगत होतो की थांबा, पण ते कोणाला सांगत होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. फोन काही थांबणारा नव्हता. बारा वाजले, फोटो निघाला आणि बाई रस्त्याच्या मध्यावर पोचल्या.

पुढचा फोटो सव्वाबाराला. मिस्त्रीनं बाईंकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं. पंधरा मिनिटं थांबलं तर कालवलेला माल घट्ट व्हायला लागेल, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती, आणि बाईंनाही नव्हती. त्यांनीच हात हलवून सगळ्यांना कामाला जायला सांगितलं. साखळी परत लागली. बाई मात्र तिथून हलल्या नाहीत. पदर सारखा करून त्या ती सगळी पंधरा मिनिटं प्लॉटच्या पुढ्यात उन्हात उभ्या राहिल्या. बायकोनं त्यांच्यावर छत्री धरली, ती त्यांनी सव्वाबाराला एक मिनिट असताना दूर करायला लावली.

तो फोटो मी मोठा करून घेतला आहे. मागे तीस माणसं कामात वाकलेली, घमेली हवेत, सिमेंटची धूळ, कोणाचंही तोंड दिसत नाही. आणि त्या सगळ्याच्या पुढे निळी साडी नेसलेल्या बाई, हात बाजूला, मान वर, सरळ फोनकडे पाहत.

बुद्ध पौर्णिमेला आम्ही राहायला गेलो. रंगाचा एक हात बाकी होता, पण तो मुहूर्त बायकोला सोडायचा नव्हता. परित्राण पाठ झाला, खीर वाटली. मिस्त्री, गडी, दोघी रेजा, सगळे घरच्यांना घेऊन आले होते. मिस्त्रीची बायको घरात शिरल्या शिरल्या भिंतींवरून हात फिरवत होती, कापड पाहावं तसा. संध्याकाळी मी टाइमलॅप्स टीव्हीवर लावला. घर उगवायला लागलं. पहिल्या भागात सात जणांची ती थरथरती रांग, मध्ये आभाळाचा तुकडा, मग कामाची गर्दी आणि त्यात दिवसाला एकदा, पापणी लवावी तशी, चमकून जाणारी ओळ. घराकडे कोणी पाहत नव्हतं. जो तो आपल्याला शोधत होता. थांबवा, मागे घ्या, परत लावा, असं इतक्यांदा झालं की शेवटी मी रिमोट मिस्त्रीच्या मुलीकडे देऊन खीर खायला बसलो. मिस्त्रीनं एकदाच थांबवायला सांगितलं, ओळंबा हातात असलेल्या एका फोटोवर. तो पाहून झाल्यावर त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

पावसाळा संपल्यावर मिस्त्री रोहण्याला बहिणीचं घर बांधायला गेला. तिकडे फोन बसवायला समोर स्लॅबही नाही आणि बाईही नाहीत. म्हणून रोज दुपारी तो जेवणाआधी सगळ्यांना उभं करतो, भाच्याकडून एक फोटो काढवतो आणि बाईंना पाठवतो; तडकलेल्या काचेचा आमचा जुना फोन आता त्यांच्याकडेच असतो. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नुकताच एक फोटो आलेला होता. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा सारखा केला आणि एकेक चेहरा पाहत गेल्या.

"उजवीकडच्या बाईचे डोये मिटले आहेत," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीला फोन लावला.